एक सोनियाची, एक कपाळाची

"तिला सांग, खिडकी लाव म्हणावं. वाऱ्यानं माझ्या कानात शिट्ट्या वाजायला लागल्यात."

मथूआत्या गाडीच्या एका खिडकीशी, द्वारकाआत्या दुसऱ्या खिडकीशी, आणि मधे मी, जात्याच्या दोन दगडांमधल्या दाण्यासारखी. दोन्ही अंगांनी ऊस मागे पळत होता आणि उसाच्या डोक्यावरून काळे, टोकदार, वेडेविद्रे डोंगर डोकावत होते. मॉरिशसमधला आमचा तो दुसरा दिवस.

"तिला सांग," द्वारकाआत्या उसाकडे बघत म्हणाली, "ज्याला वारा सोसत नाही त्यानं बेटावर येऊ नये. बेट म्हटलं की वारा आलाच."

मी मान वळवली. "आत्या, ती म्हणतेय..."

"ऐकलं मी. बहिरी नाहीये."

ऐकू दोघींनाही येत होतं. पण माझ्या तोंडून गेल्याशिवाय बोलणं पोचलं असं धरायचं नाही, असा आमच्या घरचा कायदा होता. श्रीकृष्ण मथुरेहून द्वारकेला गेला तो एकदाच. मी कालपासून पन्नास वेळा जाऊन आले होते.

आमचा गाडीवान विष्णू सकाराम आरशातून हे सगळं बघत होता. त्याचे पूर्वज रत्नागिरीकडून बोटीनं इथं आले होते. पणजोबांचं नाव सखाराम, ते बोटीवरच्या साहेबाच्या कानात सांडलं आणि 'सकाराम' असं आडनाव होऊन उरलं. घरात सगळे क्रियोल बोलत. मराठी त्यानं लहानपणी शाळेच्या पुस्तकात वाचली होती आणि तिथल्यासारखीच ती अजून कडक इस्त्रीची होती.

शामारेलला गाडी थांबवून त्यानं आधी मथूआत्याच्या बाजूचं दार उघडलं आणि कमरेत वाकून म्हणाला, "थोरल्या तिलाबाई, आपण उतरावे."

मग फिरून दुसऱ्या बाजूला गेला. "धाकट्या तिलाबाई, आपणही उतरावे."

"हा कुणाला तिलाबाई म्हणतोय?" मथूआत्यानं मला विचारलं.

"तुम्हा दोघींना. सकाळपासून तो तुमच्या तोंडून तेच ऐकतोय ना. तिला सांग, तिला सांग."

दोघींना एकदमच हसू आलं. पण ते एकमेकींना दिसू नये म्हणून दोघींनी एकदमच पदर तोंडाला लावला आणि दोन दिशांना तोंडं फिरवली.

*

आता हे असं का, ते सांगितलं पाहिजे.

माझी आई मला जन्म देऊन गेली आणि वडील मी पाटी-पेन्सिल धरायच्या वयात. वडिलांच्या या दोन बहिणींनी मला वाटून घेतलं. शाळा मथूआत्याकडे लांज्याला, कॉलेज द्वारकाआत्याकडे चिपळूणला. मायेत दोघींनी कसूर केली नाही. फक्त एकमेकींशी बोलत नव्हत्या.

भांडण एका ओवीवरून होतं. माझी आजी पहाटे दळताना म्हणायची,

*एक माझी सोनियाची, एक माझ्या कपाळाची*
*दोघींच्या ग पायी माझी झोप गेली सकाळची*

दोन मुली अंथरुणात पडून ऐकत. "आई, सोन्याची कोण गं?" विचारलं की आजी नुसती हसायची आणि जात्यात आणखी एक मूठ टाकायची.

आजी गेली. तेराव्याला जमलेल्या बायका म्हणाल्या, तिची एखादी ओवी म्हणा गं. द्वारकाआत्यानं म्हटली. म्हणताना 'सोनियाची'ला तिचा हात आपसूक स्वतःच्या छातीवर गेला आणि 'कपाळाची'ला हनुवटी थोरल्या बहिणीकडे वळली. मथूआत्या वाढलेल्या पानावरून उठली आणि लांज्याची एस्टी धरली. तेव्हा मी जन्मालाही आले नव्हते.

आणि आता माझं लग्न ठरलं होतं. मांडवात नवरीच्या पाठीशी तिचा मामा उभा राहतो. मला मामा नव्हता. माझ्या पाठीशी या दोघी उभ्या राहाव्यात, एवढं एकच मला त्या लग्नाकडून हवं होतं. मथूआत्या म्हणाली, "ती असेल तर मी लांज्यातूनच अक्षता टाकीन." द्वारकाआत्या म्हणाली, "ती असेल तर मी जेवायलासुद्धा यायची नाही." द्वारकाआत्या जेवण सोडायला निघाली म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं होतं.

मी तेव्हा पुण्यात एका प्रवासी कंपनीत होते. लग्नाआधी आपण दोघीच फिरून येऊ, फक्त तू आणि मी, असं मी एकीला सांगितलं. दुसरीलाही तेच सांगितलं. मुंबईच्या विमानतळावर दोघी समोरासमोर आल्या तेव्हा दोघींच्या हातात कुळथाच्या पिठाची एकसारखी पिशवी होती. दोघी तिथूनच परत फिरल्या असत्या. पण आधी कोण फिरणार यावरून अडलं आणि तेवढ्यात विमानात बसायची वेळ झाली.

माझा हिशेब साधा होता. परक्या मुलखात, जिथं तिसरं कुणी बोलायला नाही, तिथं माणूस किती वेळ गप्प राहील? नाहीतर परतल्यावर मला एकीला सांगावं लागणार होतं की तू येऊ नकोस. ते कुणाला सांगायचं, हे मला सुचत नव्हतं आणि सुचू नये असंच वाटत होतं.

*

शामारेलला सात रंगांची माती आहे. ज्वालामुखीचा रस थिजून, कुजून त्याची माती झाली आणि तांबडी, जांभळी, पिवळी, तपकिरी अशा लाटा तिथं एकीवर एक निजल्या आहेत. सभोवार लाकडी कठडा, मधे गवताचं पातंही नाही.

"जणू कुणी लुगडी वाळत घातलीत," मी म्हटलं.

"सात कुठे?" मथूआत्या डोळे बारीक करून मोजत होती. "पाचच आहेत. तिला सांग, फसवतात हे लोक."

"तिला सांग, चष्मा बदल म्हणावं. मला आठ दिसतायत."

"आठ? तिला सांग, नसलेलं बघायची तिला आधीपासूनच सवय आहे."

विष्णू पुढे आला. "तिलाबाई, रंग सातच आहेत. शासनाने मोजले आहेत."

"तुझ्या शासनाला म्हणावं, लांज्याला ये," मथूआत्या त्याला म्हणाली. "आमच्या सड्यावर, उघड्या माळावर, जांभा दगड खणला की असलीच माती निघते. आम्ही तिकीट लावत नाही, एवढंच."

शेजारच्या कुंपणात जुनाट, दांडगी कासवं होती. एक कासव मान काढून आमच्याकडे बघत होतं, जावयाच्या घरी आलेल्या सासऱ्यासारखं.

"हे शंभरी गाठते," विष्णू म्हणाला.

"बघ वैजू," मथूआत्या म्हणाली. "न बोलता शंभर वर्षं काढता येतात."

"तिला सांग," द्वारकाआत्या म्हणाली, "पाठ एवढी टणक असली तर येतात."

मी निरोप पोचवला नाही. कासवाला गवताची काडी दिली.

पुढे धबधबा. समोरच्या काळ्या कड्यावरून पाणी असं उतरत होतं की, बघणाऱ्याचाच श्वास खाली सुटावा. तुषार अंगावर येत होते आणि कानात नुसती घनघन. इथं मला एक युक्ती सुचली. एवढ्या आवाजात कोण काय म्हणालं हे कुणाला कळणार होतं?

मी मथूआत्याच्या कानाशी तोंड नेलं. "द्वारकाआत्या विचारतेय, तुला गार वाजत नाही ना? तिची शाल देऊ का?"

मथूआत्या माझ्याकडे बघत राहिली. मग पलीकडच्या बहिणीकडे तिनं बघितलं. ती शाल घट्ट गुंडाळून पाण्याकडे तोंड करून उभी होती.

"असं ती म्हणाली?"

"हो."

"वैजू, खोटं बोलायचं तर नीट बोलावं. ती असं म्हणत असती तर मी इतकी वर्षं बोलायची राहिले असते का?"

मी पाण्याकडे तोंड करून उभी राहिले. तोंड पुसायला तुषारांचं निमित्त बरं होतं.

गाडीशी परत येताना विष्णूनं मला बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "मादाम, दोन्ही तिलाबाई भिन्न भाषा बोलतात काय? आपण दुभाषी आहात?"

"नाही रे. भाषा एकच आहे."

"मग अडचण कोणती?"

मी त्याला थोडक्यात सांगितलं. ओवी म्हणजे काय, ते त्याला पुस्तकातून ठाऊक होतं. पण जात्यावरचं गाणं म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. "माझी मावशी! ती दळण्याचे गीत गाते. जाते नाही, तरी गाते. मुलुखातली माणसे आली असे मी तिला कळवले आहे. ती आपल्याला ज्वालामुखीच्या तोंडाशी भेटेल."

"कुठे?" द्वारकाआत्या दचकली.

"तोंडाशी. भय नको. तो निद्रिस्त आहे."

*

क्यूरपीप गावाच्या डोक्यावर एक टेकडी आहे आणि त्या टेकडीला माथा नाही. माथ्याच्या जागी खोल, गोल, हिरवागार खळगा आहे. ज्वालामुखीचं मुख. कडेनं फिरायचा रस्ता, कठडा, बाकं. धुकं असं येत-जात होतं की जणू खाली कुणी चूल पेटवून झाकण ठेवलंय.

बाकावर एक म्हातारी बसली होती. फुलाफुलांचा फ्रॉक, त्यावर लोकरीचं जाकीट, कपाळाला कुंकू आणि मांडीवर स्टीलचा डबा. ती विष्णूची सोनामावशी. आम्हाला बघून उठली, दोघी आत्यांचे हात हातात घेतले आणि सोडलेच नाहीत. बोलायला तिच्याजवळ मराठी फारशी नव्हतीच. "ये. बस. खा. बरी?" एवढं बोलून तिचं भांडार रितं झालं. डब्यात डाळीची मिरचीची भजी होती.

"आपल्या डाळवड्यासारखी," मथूआत्या म्हणाली.

"मीठ कमी आहे," द्वारकाआत्या म्हणाली. ते कुणालाच उद्देशून नव्हतं, म्हणून मला कामाला लागावं लागलं नाही.

विष्णूनं मावशीला क्रियोलमधून काहीतरी सांगितलं. मावशीनं हात पुसले, पाय पसरले, डोळे मिटले, आणि मुठीत खुंटा धरल्यासारखा हात समोर गोल फिरवायला सुरुवात केली. तिनं जातं कधी पाहिलं तरी होतं की नाही कोण जाणे. पण तिच्या आईचा हात असा फिरायचा, म्हणून तिचाही फिरत होता. आवाज पातळ, किंचित फाटका, पण चाल कशी, आमच्या लांज्याची. पहिली दोन-चार गाणी देवाची झाली. मग तिनं दम घेतला आणि म्हटलं,

*माझ्या दारी गोठ्यामंदी जोडी बांधली म्हशींची*
*एक माझी सोनियाची, एक माझ्या कपाळाची*

मथूआत्याच्या हातातलं भजं तोंडाशी थांबलं.

*एक भरी चरवी ग, एक लाथेनं सांडवी*
*दोघींच्या ग पायी माझी झोप गेली सकाळची*

मावशी थांबली. धुकं खळग्यातून वर आलं आणि निघून गेलं.

"काय म्हणाली ती?" मथूआत्यानं विचारलं. समोर बघत, मला.

मी तोंड उघडणार, तोच पलीकडून उत्तर आलं.

"म्हशी म्हणाली."

"म्हशी?"

"म्हशीच. जोडी बांधली म्हशींची."

"नीट ऐकलंस तू?"

"मला काय झालंय ऐकायला? चरवी काय मुली भरतात?"

मी दोघींच्या मधे बसले होते. अंग चोरून, श्वास धरून, हळूच पाठ बाकाला टेकवली, म्हणजे त्यांना एकमेकींची तोंडं दिसावीत.

विष्णूला वाटलं, शब्द कळला नाही. तो मदतीला धावला. "म्हैस म्हणजे कृष्णवर्णी थोर गाय."

"अरे, आम्हाला काय सांगतोस म्हैस!" दोघी एकदम त्याच्यावर ओरडल्या.

सोनामावशीनं भाच्याचा हात ओढून काहीतरी विचारलं. विष्णू जरा ओशाळला. "मावशी विचारते, ती कशी असते? तिने कधी पाहिली नाही. जन्मभर गाते, परंतु पाहिली नाही."

झालं. मथूआत्या उठली. "हे बघ मावशी, शिंगं अशी." आणि तिनं दोन्ही हात डोक्यावरून मागे वळवले.

"अशी नव्हेत गं, एवढी काय ती तलवारीसारखी? अशी, गोल," द्वारकाआत्याही उठली आणि बहिणीचे हात धरून तिनं नीट वाकवले.

"आणि अंग असं..."

"काळं. तव्याच्या बुडासारखं."

"आणि चालते अशी."

मथूआत्या त्या ज्वालामुखीच्या कडेवर म्हशीसारखी चालून दाखवू लागली. नऊवारीत, पायात लहान मुलीच्या मापाचे पांढरे बूट. मागून द्वारकाआत्या शेपटी झाली. दोन गोरे प्रवासी कॅमेरा घेऊन थांबले. सोनामावशी टाळ्या पिटत होती.

"आणि रेकते कशी?" विष्णूनं विचारलं.

"ते हिला येतं," मथूआत्या म्हणाली. "लहानपणापासून हिला फर्मास येतं."

द्वारकाआत्यानं हाताचा कर्णा केला आणि हंबरली. खळग्याच्या पलीकडच्या कडेवरून प्रतिध्वनी आला. कड्यावरच्या झाडीतून पाखरं उठली. मग मात्र दोघींचा धीर सुटला. बाकाची पाठ धरून, एकमेकींच्या खांद्यावर डोकी टाकून त्या अशा हसल्या, की हसता हसता कुणाचं रडणं सुरू झालं ते मला कळलं नाही.

"अगं, आपल्याकडे होत्याच ना दोन," मथूआत्या डोळे पुसत म्हणाली. "चांदी आणि मोरणी. चांदी दूध द्यायची आणि मोरणी..."

"मोरणी लाथ मारायची. चरवीच्या चरव्या सांडल्या तिनं. माझा पुढचा दात तिनंच पाडला."

"आणि आपण विचारायचो, सोन्याची कोण गं?"

"आणि आई हसायची."

"हसणार नाही तर काय! पोरी स्वतःला म्हशी समजून बसल्या."

सोनामावशीनं डबा पुढे केला. द्वारकाआत्यानं एक भजं उचललं, मोडलं, अर्धं बहिणीला दिलं.

"ताई," ती म्हणाली. हा शब्द मी तिच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता. "त्या दिवशी तेराव्याला मी तुझ्याकडे हनुवटी केली. लाथ मीच मारली. मोरणी मी."

"काहीतरीच. तू नुसती हनुवटी केलीस. भरल्या पानावरून उठले ती मी. आईच्या तेराव्याचं अन्न टाकून गेले. मोरणी मी."

"नाही ताई. मी."

"द्वारके, मी थोरली आहे. मी म्हणतेय ना मोरणी मी, म्हणजे मीच."

"हे असंच तुझं! सगळं पहिल्यापासून स्वतःकडे ओढायचं. सोनंही तूच, लाथही तूच. मला काही ठेवशील की नाही?"

"आवाज चढवू नकोस."

"चढवीन. इतक्या वर्षांचा शिल्लक आहे."

एवढ्या वर्षांनी तोंडं उघडली आणि पाव तासात पुन्हा मिटतात की काय! विष्णू माझ्या कानाशी आला. "मादाम, तिलाबाई पुनश्च कोपल्या?"

मी उठले. "आत्या, हे बघ, तुम्ही दोघीही..."

"तू मधे बोलू नकोस गं!"

हे दोघींनी म्हटलं. एका सुरात, एका श्वासात, माझ्याकडे न बघता.

"हिच्या लग्नात," मथूआत्या पुढे म्हणाली, "हिच्या पाठीशी उजव्या अंगाला मी उभी राहणार. थोरलीचा मान आहे तो."

"उजव्या अंगाला मी. भटजीबुवा उजवीकडून सांगतात आणि तुला त्या कानानं कमी येतं."

"कोण म्हणालं कमी येतं?"

"गाडीत शिट्ट्या कुणाच्या कानात वाजत होत्या?"

"तो वारा होता!"

मी तिथून निघाले. कठड्याशी आले आणि दोन्ही हात त्यावर टेकले. दोन दिवस मी या बेटावर होते, पण माझी मान नुसती डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे फिरत राहिली होती. सरळ समोर मी आता बघितलं. धुकं फाटलं होतं. खळग्याच्या उतारावर झाडं दाटीनं खाली उतरत गेली होती आणि अगदी तळाशी ओंजळभर पाणी साठलेलं होतं. त्यात आभाळाचा एक तुकडा होता. एक पांढरं पाखरू त्या पाण्यावरून निवांत गोल फिरत होतं आणि त्याला कुठं जायची घाई नव्हती.

मागे उजव्या-डाव्याचा निकाल लागत नव्हता. लागू नये, असं मी मनात म्हटलं, आणि पाखरू दिसेनासं होईपर्यंत तिथंच उभी राहिले.